टीम परस्यूट: टाइम तिसऱ्याचा धरतात, मग चौथा गडी कशाला?

सुदामानगरचा_सद्या

नमस्कार मंडळी, प्रश्न येडपट वाटला तर सोडून द्या, पण तीन रविवार झाले आमच्यात यावरून वाद चालू आहे आणि पोहे गार होतात म्हणून शेवटी इथे टाकतोय.

आम्ही चौघं इंदूरच्या सुपर कॉरिडॉरला सायकली काढतो, पहाटे साडेपाचला निघायचं, दोन-तीन फेऱ्या मारायच्या आणि आठच्या आत शेव-जिरावण घातलेले पोहे, जिलबी ज्याच्या त्याच्या तब्येतीप्रमाणे. रेसर वगैरे कोणी नाही, एक बँकेत, एक मेडिकलवाला, बापूचे क्लासेस आणि मी आयटीत. तर बापूने एकदा ठेल्यावर मोबाइलमध्ये पॅरिस ऑलिंपिकची पुरुषांची टीम परस्यूट फायनल लावली, म्हणजे चौघाचौघांच्या टीमची ट्रॅकवरची सायकल शर्यत, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड (म्हणजे खरं तर ग्रेट ब्रिटनची टीम), आणि तेव्हापासून डोक्यात किडा घुसलाय. चौघं एकामागे एक असे चिकटून चाललेत की मधे पोस्टकार्ड जाणार नाही, सायकलला ब्रेक नाही म्हणे, आणि शेवटच्या लॅपला इंग्लंडचा तो ईथन हेटर चक्क सीटवरून घसरला, पडला नाही हे नशीब, माझ्या हातातली प्लेट मात्र हलली.

आता प्रश्न. टाइम तिसऱ्या माणसाचा धरतात हे कळलं. म्हणजे चौथा मागे राहिला तरी चालतं. मग मुळात चार कशाला घेतात? बापूचं म्हणणं तिघं घ्या, एक डोकं कमी, एक भांडण कमी. दुसरं, पुढचा माणूस मधेच एकदम ट्रॅकच्या वरच्या बाजूला का जातो, दमला तर सरळ मागे यावं ना. आणि तिसरं आमचं घरचं. आम्ही पण तसंच करून पाहतोय पण मी पुढे आलो की मागचे तिघं ओरडायला लागतात, एकदा तर चाकाला चाक लागून मेडिकलवाला दुभाजकाच्या गवतात गेला. माझी चूक काय होते ते कोणी जाणकार सांगेल का?

फुकटचा_सल्लागार

सोपं आहे भिया. उसाचा रस काढतात तसं. रस निघाला की चौथ्याचा चोथा.

चेनवाला_काका

सल्लागार हसवून गेले पण उत्तर अर्धं बरोबर देऊन गेले.

मी ट्रॅकवर कधी उतरलेलो नाही हे आधीच सांगतो, रस्त्यावर पंचवीस वर्षं चालवतोय आणि ही शर्यत १९९६ च्या अटलांटापासून टीव्हीवर पाहतोय, तेव्हा फ्रान्स जिंकलं होतं. सद्या, तू परस्यूट हा शब्द विसरतोयस. पाठलाग. ४००० मीटर, २५० च्या ट्रॅकवर १६ लॅप, आणि दोन टीम ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंना उभ्या असतात, म्हणजे दोघींमध्ये अर्धा लॅप, १२५ मीटर. समोरच्याला पकडलं तर तिथेच जिंकलात, नाही पकडलं तर घड्याळ. फायनलला दोन्ही टीम तोडीस तोड असतात म्हणून पकडापकडी दिसत नाही आणि लोकांना वाटतं हे नुसते गोल गोल का फिरून राहिलेत.

आता चौथा. पॅरिसला ऑस्ट्रेलियाने फायनलच्या आदल्या फेरीत ३:४०.७३० चं वर्ल्ड रेकॉर्ड केलं. भागाकार करून बघ, ताशी ६५ किलोमीटरच्या वर निघतो, आणि तोही उभ्या सायकलवरून सुरुवात धरून. या स्पीडला पायातली जवळजवळ सगळी ताकद हवा कापण्यातच जाते. तू ३२ ने चालवतोस त्याच्या दुप्पट स्पीड म्हणजे हवेसाठी दुप्पट नाही, साधारण आठपट ताकद लागते. त्यामुळे पुढचा एकटा हवा खातो आणि मागच्यांचं काम तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हलकं होतं. पण हलकं म्हणजे आराम नाही बरं का, मागे असलेला पण धापा टाकतच असतो, फक्त जरा कमी. आता १६ लॅप चौघांत वाटले तर सरासरी चार चार वाट्याला येतात, तिघांत वाटले तर पाचाच्या वर. तो एक-सव्वा लॅप जास्त ओढताना माणूस जातो कामातून. चौथा त्यासाठी. त्याने शेवटपर्यंत यायचंच असं नाही, त्याच्याकडे जेवढं आहे ते दहाव्या-बाराव्या लॅपपर्यंत पुढे ओतून टाकायचं आणि बाजूला व्हायचं. तो मागे राहिला याचा अर्थ तो कच्चा निघाला असा नाही, बरेचदा उलट असतं, त्याने आपला हिशेब आधी चुकता केलेला असतो.

तिसऱ्याचाच टाइम का, तर माझ्या मते (नियम कोणी का केला ते मला विचारू नका) पहिल्याचा धरला तर बाकीचे नुसते हमाल होतील, चौथ्याचा धरला तर कोणी स्वतःला पूर्ण झिजवणारच नाही, सगळे जपून चालवतील. तिसऱ्याच्या पुढच्या चाकावर घड्याळ थांबतं म्हणून एकाला खर्ची टाकता येतं आणि तरी टीम टीमच राहते.

आणि एक गंमत. २००८ ला बीजिंगमध्ये इंग्लंडने ३:५३.३१४ केलं तेव्हा आम्ही तोंडात बोट घातलं होतं, क्लॅन्सी, मॅनिंग, गेरेंट थॉमस आणि विगिन्स, एकापेक्षा एक. त्या टीमला पॅरिसच्या ऑस्ट्रेलियासमोर उभं केलं तर १२ सेकंदांच्या वर फरक पडतो, म्हणजे दोनशे मीटरच्या वर. पकडायला लागतात फक्त १२५. थॉमस-विगिन्स शर्यत संपायच्या आत पकडले गेले असते! सोळा वर्षांत एवढं. गिअर मोठे झाले, समोरची चकती साठच्या वर दातांची असते आता, कपडे बदलले, हँडलवर हात तोंडासमोर जोडून बसतात, आणि पुढचा माणूस पूर्वी अर्धा-एक लॅप ओढून बाजूला व्हायचा तो आता दोन-तीन लॅप ओढतो कारण प्रत्येक बदलीत थोडा वेळ सांडतो.

तुझी घरची चूक मला माहीत आहे पण आधी जेवून येतो.

बापू_लोकमान्यनगर

मीच तो बापू. काका तुमचा हिशेब मान्य पण मग पाच का नाही? सहा का नाही? पाचवा अजून हवा खाईल. चार हा आकडा आकाशातून पडला का? माझं म्हणणं एवढंच आहे की तिघांचा टाइम तर तिघांची टीम, साफ गोष्ट.

अश्विनी_राजेंद्रनगर

बापूदादा, तुमची तिघांची टीम खरंच होती! बायकांची टीम परस्यूट ऑलिंपिकमध्ये २०१२ ला लंडनला आली तेव्हा तिघीच असायच्या आणि अंतर ३००० मीटर. टाइम तिसरीचाच. म्हणजे कोणालाही सोडायची सोयच नव्हती, एक जरी मागे पडली तर सगळ्या तिच्यासाठी थांबणार, शेवटपर्यंत तिघींना एकत्र यायलाच लागायचं. इंग्लंडच्या ट्रॉट, रॉसेल आणि किंग यांनी ३:१४.०५१ करून जिंकली ती. मला ती शर्यत आवडायची खरं सांगू का, पण त्यात तो जुगार नाही. पुरुषांच्यात चौथ्याला कधी जाळायचा हा जुगार असतो, लवकर जाळला तर उरलेले तिघं मरतात आणि उशिरा जाळला तर त्याचं अंगात राहिलेलं फुकट जातं. २०१६ च्या रिओपर्यंत बायकांचं पण चौघी आणि ४००० मीटर झालं. तुमची सिस्टिम करून बघितली त्यांनी आणि सोडून दिली असं समजा.

आता पुढचा माणूस वर का जातो ते. मी दिल्लीला इंदिरा गांधी स्टेडियमच्या आतला लाकडी ट्रॅक बघितलाय, २०१० च्या कॉमनवेल्थसाठी बांधलेला, टीव्हीवर अजिबात कळत नाही हो. वळणावर २५० च्या ट्रॅकला ४२-४५ अंशाचा उतार असतो, खाली उभं राहिलं की समोर भिंत आहे असंच वाटतं, आपल्याकडच्या गच्चीच्या जिन्यापेक्षा चढ. तिथे बूट घालून चालत वर जाता येणार नाही. आणि सायकल फिक्स गिअरची, फ्रीव्हील नाही, म्हणजे चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, पॅडल मारणं थांबवून मागे सरकता येत नाही आणि ब्रेक तर नाहीतच. मग मागे कसं यायचं? वर जायचं. वळणावर हँडल किंचित वर वळवलं की सायकल चढावर जाते, चढावर स्पीड आपोआप कमी होतो, तेवढ्यात खालून तिघं निघून जातात आणि शेवटच्याच्या मागे हा उतरतो, उतरताना जो स्पीड हरवला होता तो उतार परत देतो. झोपाळ्यासारखं. चुकीच्या क्षणी उतरलं तर दोन मीटरची फट पडते आणि ती फट ६५ च्या स्पीडला भरताना जीव जातो, कितीतरी चौथे तिथेच सुटतात, पुढे ओढताना नाही.

अजून एक, ते ट्रॅकच्या आतल्या कडेजवळच्या काळ्या रेषेला चिकटून का चालवतात माहीत आहे का. २५० मीटर त्या रेषेवर मोजलेले असतात. तुम्ही सगळा वेळ दहा सेंटिमीटर जरी वर चालवलं तर लॅपमागे अर्धा मीटरच्या आसपास जास्त, १६ लॅपचे आठेक मीटर, म्हणजे चार दशांश सेकंद गेले. आणि आतून निळ्या पट्टीवरून शॉर्टकट मारू नये म्हणून वळणावर फोमचे ठोकळे ठेवतात.

बडोदेकर_निखिल

आजोळ रामबागचं म्हणून इथे डोकावतो, राग मानू नका 🙂

अश्विनीताईंचे चार दशांश वाचून टोकियो आठवलं. ऑगस्ट २०२१, फायनल इटली आणि डेन्मार्क. इटली ३:४२.०३२, डेन्मार्क ३:४२.१९८. फरक ०.१६६ सेकंद. त्या स्पीडला तीन मीटर होतात, जुन्या मारुती आठशेपेक्षा कमी! इटली मागे होती बराच वेळ आणि शेवटी फिलिपो गान्नाने ओढत आणलं, काय पाय आहेत राव त्याचे. १९६० च्या रोमनंतर इटलीला यात गोल्ड तेव्हा मिळालं.

पण त्याच्या आदल्या फेरीत जे झालं त्यावरून माझं आणि भावाचं अजून बोलणं होत नाही नीट. डेन्मार्क इंग्लंडला पकडायला आलेलं, पुढे फ्रेडरिक मॅडसन मान खाली घालून, आणि इंग्लंडचा चार्ली टॅनफिल्ड आपल्या टीमच्या मागे सुटलेला. मॅडसन सरळ त्याच्या मागच्या चाकावर, दोघं आडवे. पंचांनी डेन्मार्कने पकडलं असं धरलं आणि ते फायनलला गेले. अरे तुम्ही धडकलात, मान वर करून बघितलं नाही, आणि जिंकलात पण? त्यात डेन्मार्कवाल्यांनी आधीच्या फेरीत नडग्यांवर टेप लावलेली (हवा कापायला सोपं जावं म्हणून, असा आरोप) म्हणून बाकीच्यांची तक्रार होतीच. मला तरी ते पचलं नाही.

चेनवाला_काका

निखिल, पाठलागात पकडलं तर पकडलं. खो-खोत मागचा धावताना घसरून पडला पण पडता पडता हात लागला तर गडी बाद होतो ना. टॅनफिल्ड एकटा मागे सुटलेला होता तेव्हाच ती शर्यत संपली होती, कारण इंग्लंडला तिसरा लागणारच होता. मान खाली घालून चालवायची सवय वाईट हे मात्र सोळा आणे, ते मी इथल्या पोरांना पण सांगतो.

खरा अन्याय बघायचा तर १९६८ चा मेक्सिको. फायनलला पश्चिम जर्मनी पुढे आली, जिंकली, आणि बाद झाली, कारण एकाने शेवटी आपल्याच गड्याला हात लावून ढकललं असं ठरलं. गोल्ड कोणाला? डेन्मार्कला. जर्मनांना सिल्व्हर सुद्धा नंतर दिलं. म्हणजे डेन्मार्कचं नशीब तेव्हापासूनच 😄

आता सद्याचं. तू पुढे आलास की स्पीड वाढवतोस. बरोबर? सगळे नवे हेच करतात, मीही केलं. मागे बसून पाय ताजे झालेले असतात, समोर रस्ता मोकळा, आणि आपण किती भारी ते दाखवायची खुमखुमी. ३४ चे ३८ करतोस. जो नुकता ओढून मागे गेलाय, ज्याचं तोंड उघडं पडलंय, त्याला नेमकं त्याच क्षणी चार किलोमीटरने जास्त लागतं, तो सुटतो. टीम परस्यूटमध्ये हे पाप आहे. पुढे यायचं तर लय तीच ठेवायची, तबलजीने आपली पाळी आली म्हणून एकदम दुप्पट लय धरली तर गाणारा उठून मारेल. ट्रॅकवर प्रत्येक लॅप किती सेकंदाचा ते आधी ठरलेलं असतं, पहिला लॅप उभ्यावरून म्हणून जास्त आणि नंतर एकसारखे. कोच ट्रॅकच्या कडेला एका रेषेवर उभा असतो आणि शेड्यूलच्या पुढे असाल तर रेषेच्या एका बाजूला सरकतो, मागे असाल तर दुसऱ्या. ओरडून काही ऐकू येत नाही, तो कुठे उभा आहे एवढंच बघायचं.

आणि ताकदवान असशील तर जास्त जोरात नाही, जास्त वेळ ओढ. हा फरक ज्याला कळला त्याला ही शर्यत कळली. गान्ना एकट्याच्या परस्यूटमध्ये कितीदा तरी वर्ल्ड चॅम्पियन झालाय, तरी पॅरिसला इटली तिसरी.

अश्विनी_राजेंद्रनगर

काका पटलं. फक्त सद्यादादा, रस्त्यावर ट्रॅकसारखं पोस्टकार्डवालं अंतर ठेवू नका प्लीज, त्यांच्यासमोर कुत्रा येत नाही, आणि कॉरिडॉरवर डंपर पण येतात. निदान एक चाकाएवढी जागा ठेवा. आणि पुढच्याच्या चाकाच्या बाजूला आपलं चाक घुसवायचं नाही, तुमचे मेडिकलवाले त्यानेच गवतात गेले असणार. आपल्याकडे वर जायला उतार नाही, तेव्हा बाजूला होताना आधी कोपर हलवून खूण करा, आरशात बघून मग.

सुदामानगरचा_सद्या

सगळ्यांना धन्यवाद, काका तुम्ही तर माझी कुंडलीच काढलीत, ३४ चे ३८ अगदी तेच आकडे स्ट्राव्हा या सायकलिंगच्या ॲपवर दिसले.

या रविवारी केलं बरं का. चार किलोमीटरचा सरळ तुकडा धरला, ठरवलं ३५ च्या वर कोणी जाणार नाही आणि खालीही नाही, मी दोनदा पुढे होतो आणि दोन्ही वेळा मीटरकडे बघत दात ओठ खात ३५ धरून ठेवले, अंगात खाज सुटत होती पण धरले. कोणी ओरडलं नाही! बापूचा मुलगा दुभाजकावर उभा करून कोच केला होता, तो पहिल्या मिनिटातच मोबाइल बघायला लागला ते सोडा. शेवटी तिसऱ्याचा टाइम धरून सरासरी ३४.६ आली, आधी आम्ही एवढ्या अंतरावर ३२ च्या वर कधी टिकलो नव्हतो.

एक गडबड झाली. बँकवाला आणि मी मिळून आधीच ठरवलं होतं की मेडिकलवाल्याचे पाय सुरुवातीला चांगले असतात तर त्याला पहिल्या अडीच किलोमीटरमध्ये जास्त ओढायला लावायचं आणि मग सोडायचं. तसं केलं, तो सुटला, आम्ही तिघं निघून गेलो. फक्त त्याला हे सांगायचं राहून गेलं. तो मागून चार मिनिटांनी आला आणि कोणाशी न बोलता सायकलला कुलूप लावलं.

बापू_लोकमान्यनगर

म्हणून म्हणतो, तिघं.

मेडिकलवाला_चौथा

नवीन आयडी काढलाय फक्त एवढं लिहायला. मला वाटलं यांचा अपघात झाला म्हणून मी एवढ्या जोरात मागून येत होतो. पोह्याचे पैसे मी दिले नाहीत आणि पुढचे तीन रविवार देणार नाही. आणि पुढच्या वेळी चौथा सद्या.